इंजिनाच्या मोटरवरचे कपॅसिटर आणि चोक, डीसीसी करताना कापायचे की ठेवायचे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, मॉडेल रेल्वेच्या जुन्या ॲनालॉग इंजिनात डीसीसीसाठी, म्हणजे रुळावरून डिजिटल हुकूम पाठवून गाड्या चालवायच्या पद्धतीसाठी, डिकोडर (ते हुकूम वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट) बसवला, मोटरच्या टर्मिनलवर एक चकतीसारखा सिरॅमिक कपॅसिटर होता आणि दोन्ही वायरींमध्ये एकेक चोक (तारेची छोटी गुंडाळी) होता, कुणीतरी सांगितलं की डीसीसीत हे सगळं नको म्हणून तिन्ही कापून टाकले, हळू वेगात इंजिन सुधारलं, पण आता ते निघालं की शेजारचा रेडिओ खरखरतो आणि यार्डातले सेन्सर रिकाम्या रुळावर गाडी उभी आहे असं दाखवतात. तर परत लावू का आणि लावले तर कुठल्या व्हॅल्यूचे, हा प्रश्न.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. दोन्ही चोक परत लावा. कपॅसिटरही लावा, पण लहान व्हॅल्यूचा, आणि तो मोटरच्या टर्मिनललाच चिकटून, वायरीच्या मधे कुठेतरी नाही. आणि हे दोन्ही करायच्या आधी मोटर उघडून कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या तुकड्यांचा फिरता गोल) साफ करा कारण माझ्या अनुभवात अशा दहा इंजिनांपैकी सहासात तिथेच बरी होतात. सगळंच कापा हा सल्ला मला मुळीच पटत नाही, कारण कपॅसिटर आणि चोक वेगवेगळी कामं करतात, आणि त्यातला कुठला डीसीसीला त्रास देतो आणि कुठला उलट डिकोडरला सांभाळतो हे कळल्याशिवाय कटर हातात घेऊ नये.

खरखर येते कुठून ते बघा. तीन पोलच्या साध्या मोटरला कम्युटेटरचे तीन तुकडे आणि दोन ब्रश असतात, म्हणजे एका फेऱ्यात सहा वेळा कुठला तरी ब्रश एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातो. मोटर मिनिटाला १०,००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला साधारण १,००० वेळा हे होतं. दर वेळी आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) एका कॉइलमधला करंट मधेच तोडला जातो आणि उलटा केला जातो, आता कॉइलला करंट अचानक तोडलेला चालत नाही, ती व्होल्टेज वर फेकते आणि ब्रशच्या मागच्या कडेला बारीक ठिणगी पडते. रुळावर १२ व्होल्टच असले तरी त्या क्षणापुरता तिथे कितीतरी जास्त व्होल्टेज असतो. आणि ठिणगी इतक्या कमी वेळात चालू-बंद होते की तिचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर राहत नाही, मिडियम वेव्हपासून वर शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे सांडतो. ठिणगी स्वतः मिलिमीटरभरसुद्धा नाही, ती एकटी फार लांब पोचली नसती, पण तिला मोटरच्या वायरी, चाकं आणि पुढे मीटरच्या मीटर रूळ जोडलेले असतात आणि तीच अँटेना होते. ५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी दीड मीटर भरते, म्हणजे रुळाचा एक सरळ तुकडा झाला की झालं. म्हणून सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते, ठिणगीचा आवाज मोटरच्या डब्यातून रुळापर्यंत जाऊ द्यायचा नाही.

हे पार्ट खेळण्यातल्या गाड्यांत आले त्याचं कारणही हेच. ब्रिटनमध्ये बीबीसीचं ४०५ रेषांचं टीव्ही चित्र सुरुवातीला ४५ मेगाहर्ट्झवर होतं, बरोबर ह्या ठिणग्यांच्या पट्ट्यात, घरात मुलाने गाडी सुरू केली की पडद्यावर ठिपके नाचायचे. ते प्रक्षेपण १९८५ साली बंद झालं पण नियम काही गेले नाहीत, युरोपात १९९६ पासून इएमसीचे, म्हणजे एका उपकरणाने दुसऱ्यात खरखर आणू नये ह्याचे, नियम सक्तीचे झाले आणि मोटर असलेली खेळणी त्यात येतात. म्हणून आजही कारखान्यातून बहुतेक इंजिनं हे पार्ट लावूनच येतात.

आता कपॅसिटर काय करतो. तो दोन ब्रशच्या मधे असतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला जवळचा रस्ता देतो, म्हणजे ठिणगीचा करंट वायरीतून बाहेर जाण्याऐवजी मोटरच्या तोंडाशीच गोल फिरून संपतो. चोक उलटं काम करतो, बाहेर जायच्या रस्त्यावर अडथळा घालतो. १० मायक्रोहेन्रीचा चोक डिकोडरच्या २० किलोहर्ट्झला जेमतेम सव्वा ओहम अडवतो, पण ४५ मेगाहर्ट्झला कागदावर २,८०० ओहम होतात, प्रत्यक्षात त्याच्या गुंडाळीतल्या स्वतःच्या कपॅसिटन्समुळे आकडा वेगळा निघतो पण अंदाज यायला पुरे. म्हणजे मोटरला हवा असलेला करंट तो जाऊ देतो, नको ते अडवतो. दोघं मिळूनच काम करतात, कपॅसिटर आत रस्ता देतो आणि चोक बाहेरचं दार लावतो. एक लावून दुसरा काढला तर निम्मंसुद्धा काम होत नाही.

चोकबद्दल एक लक्षात ठेवा, तो दिसायला अगदी रेझिस्टरसारखा असतो, रंगाच्या पट्ट्यांसकट. तपकिरी-काळा-काळा म्हणजे १० मायक्रोहेन्री, आणि मल्टीमीटरवर तो एखादा ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. मोटरच्या वायरीत हा १० ओहमचा रेझिस्टर कशाला ठेवलाय म्हणून काढून टाकणारे मी खूप पाहिलेत. चार-पाच ओहम दाखवायला लागला तर मात्र तो फार बारीक तारेचा आहे किंवा त्याचं सोल्डर सुटत आलंय, असा बदला, कारण इंजिन चढावर ओढायला लागलं की तिथे व्होल्टेज पडतो.

आता जागेचं. कपॅसिटर मोठा लावला की जास्त खरखर थांबेल असं वाटतं, पण तसं होत नाही. वायरीला स्वतःचा इंडक्टन्स असतो, सेंटीमीटरला साधारण १० नॅनोहेन्री धरा. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दोन बाजूला एकेक सेंटीमीटर पाय ठेवून लावला तर पायांचे २० नॅनोहेन्री आणि तो मिळून साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला येतात, त्याच्या वर तो कपॅसिटर राहतच नाही, वायरीसारखा वागतो. तेच पाय ठेवून १० नॅनोफॅरड लावला तर ही हद्द ११ मेगाहर्ट्झवर जाते आणि १ नॅनोफॅरडला ३५ च्या पुढे. म्हणून पाय शक्य तेवढे तोडून, दोन-तीन मिलिमीटर ठेवून, थेट ब्रशच्या टर्मिनलवर सोल्डर करायचा. चार सेंटीमीटर लांब वायर काढून छपराला चिकटवलेला १०० नॅनोफॅरड आणि टर्मिनलवर बसलेला १ नॅनोफॅरड ह्यात एफएम रेडिओच्या दृष्टीने दुसराच चांगला.

काही मोटरींना तीन कपॅसिटर दिसतील, एक दोन टर्मिनलच्या मधे आणि एकेक प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याच्या डब्याला. ते उगाच नाहीत. ठिणगीचा काही आवाज दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, तो मधल्या कपॅसिटरला दिसतच नाही कारण त्याच्या दोन्ही टोकांना फरकच नसतो, त्याला डब्याकडे उतरवावं लागतं. हे डब्याकडचे १ ते २.२ नॅनोफॅरड पुरतात. फक्त जुन्या इंजिनांत सांभाळा, त्यातल्या काहींत मोटरचा एक ब्रश थेट चासीला असतो आणि चासी एका रुळाला, अशात डबा म्हणजे रूळच. ब्रश आधी चासीपासून पूर्ण वेगळा केल्याशिवाय डिकोडर जोडायचाच नाही, रुळावर पॉवर देताच डिकोडर जाईल.

आता डीसीसीत काय बिघडतं. इथे दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोक त्या एक करून टाकतात.

पहिली जागा रुळाच्या बाजूची, डिकोडरच्या आधीची. काही इंजिनांत चाकांवरून करंट घेणाऱ्या पिकअपच्या पत्त्यांना, म्हणजे डाव्या आणि उजव्या रुळाच्या मधे थेट कपॅसिटर असतो. रुळाला करंट देणाऱ्या ॲनालॉगच्या पॉवर क्लिपमध्येही असतो, हॉर्नबीच्या ॲनालॉग क्लिपमध्ये आहे आणि डिजिटलसाठी त्यांची वेगळी क्लिप आहे ती ह्याचसाठी. हे कपॅसिटर डीसीसीत नकोतच, इथे कापा म्हणणारे बरोबर आहेत. डीसीसीचा सिग्नल हाच रुळावरचा करंट आहे, १ चा बिट म्हणजे ५८ मायक्रोसेकंद एक बाजू आणि ५८ दुसरी, ० चा बिट १०० किंवा जास्त, डिकोडर ह्या वेळा मोजूनच हुकूम वाचतो. रुळांच्या मधे कपॅसिटर ठेवला की प्रत्येक कड गोल होते. एका इंजिनाने फरक पडत नाही पण तसली दहा इंजिनं रुळावर उभी केली की १०० नॅनोफॅरडचे दहा मिळून १ मायक्रोफॅरड झाला, सिग्नलच्या साडेआठ किलोहर्ट्झला तो १८-१९ ओहमच राहतो, रुळाला पॉवर देणाऱ्या बूस्टरला उगाच बोजा, आणि मग एखादं इंजिन मधेच हुकूम ऐकत नाही. रेलकॉम वापरत असाल तर आणखी वाईट, त्यात डिकोडर २५० किलोबिटने अगदी हलका करंट परत पाठवतो, तो ह्या कपॅसिटरमध्येच जिरतो. मात्र रुळाच्या टोकाला मुद्दाम लावलेला आरसी स्नबर, ज्यात कपॅसिटरबरोबर रेझिस्टर सिरीजमध्ये असतो, तो वेगळा, तो कड्यांवरचे उंच टोक कमी करायला असतो, तो काढू नका.

दुसरी जागा मोटरच्या बाजूची, डिकोडरच्या पुढची. डिकोडर मोटरला सरळ व्होल्टेज देत नाही, पूर्ण व्होल्टेज सेकंदाला १५ ते ४० हजार वेळा चालू-बंद करून देतो. मोटरच्या टर्मिनलवरचा कपॅसिटर दर वेळी भरतो आणि रिकामा होतो. १०० नॅनोफॅरड, १२ व्होल्ट, २० किलोहर्ट्झ धरलं तर ह्यात जवळपास ०.३ वॅट वाया जातो, आणि तो डिकोडरच्या ट्रान्झिस्टरमध्ये आणि वायरीत गरमी होऊन. एन गेजच्या (फार लहान मापाच्या गाड्यांच्या) नखाएवढ्या डिकोडरला ०.३ वॅट म्हणजे थोडं नाही. १० नॅनोफॅरडला हेच ०.०३ होतं, १ नॅनोफॅरडला विचारही करायला नको.

आणि आता जे लोकांच्या ध्यानात येत नाही ते, चोक असतो तो इथेच डिकोडरला वाचवतो. चोक नसेल तर डिकोडरने व्होल्टेज चालू केला की रिकामा कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखाच दिसतो, करंट फक्त वायर आणि ट्रान्झिस्टरच्या ओहमने अडतो, कित्येक अँपिअर जातो, क्षणभरच पण सेकंदाला हजारो वेळा. मधे १०-१० मायक्रोहेन्रीचे दोन चोक असले की तोच झटका १०० नॅनोफॅरडवरसुद्धा एका अँपिअरच्या आत राहतो आणि १० नॅनोफॅरडवर पाव अँपिअरच्या आसपास. म्हणजे ज्यांनी चोक काढून कपॅसिटर तसाच ठेवला त्यांनी सगळ्यात वाईट केलं, आणि असे बरेच आहेत कारण चोक वायरीत असल्यामुळे डिकोडर बसवताना तोच आधी कापला जातो आणि कपॅसिटर मोटरच्या मागे लपलेला दिसत नाही.

तुमचं इंजिन कापल्यावर हळू वेगात सुधारलं, तेही खोटं नाही, त्याचं कारण बॅक ईएमएफ. डिकोडर मधेमधे मोटरचा करंट पूर्ण बंद करून मोटर स्वतः किती व्होल्टेज तयार करतेय ते मोजतो आणि त्यावरून वेग सांभाळतो. करंट बंद झाला की मोटरची कॉइल आणि कपॅसिटर झोपाळ्यासारखे झोके खातात. समजा मोटरचा इंडक्टन्स ५ मिलिहेन्री, तर १०० नॅनोफॅरडबरोबर हे झोके ७ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सावकाश, आणि डिकोडर मोजायला बसला की त्याला मोटरचा व्होल्टेज नाही, झोका दिसतो. मग इंजिन हळू वेगात हुंदके देत चालतं. १ नॅनोफॅरडबरोबर तेच झोके दहापट जलद होतात, मोटरच्या लोखंडात लवकर मरतात, आणि उरले ते डिकोडरच्या सरासरीत जातात. म्हणून तुमच्या इंजिनाला त्रास होता तो १०० नॅनोफॅरडचा, चोकचा नव्हे. कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं असेल तर १०० नॅनो, १०३ म्हणजे १०, १०२ म्हणजे १. कापलेला तुकडा ठेवला असेल तर बघा, बहुतेक १०४ निघेल.

माझ्याकडे मध्यंतरी एक छोटं टँक इंजिन आलं होतं, तक्रार तुमच्यासारखीच, ते फिरलं की सेन्सर वेडे व्हायचे. मालकाने दोन डिटेक्टर बदलून झाले होते, केबल बदलून झाली होती. त्यात कपॅसिटर होता, कुणी कापलेला नव्हता, दिसायला सगळं जागच्या जागी. मी चिमट्याने कपॅसिटर हलकेच ओढला तर एक पाय काळ्या स्लीव्हच्या आतून तसाच बाहेर आला, आत तुटलेला, स्लीव्हने धरून ठेवला होता म्हणून लागलेला दिसत होता. मग ब्रश काढले आणि कम्युटेटर भिंगाखाली बघितला. तीन तुकड्यांच्या मधल्या तीन फटी दिसतच नव्हत्या, कोळशाची भुकटी आणि तेल मिळून काळा लगदा फटींत काठोकाठ भरलेला, वरून ब्रशने घासून तो इतका गुळगुळीत केलेला की तांबं आणि लगदा एकसारखे चमकत होते. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून एकेक फट कोरली, काळी वातीसारखी लांबट गुंडाळी निघाली, मग कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कम्युटेटरवर फिरवलं, पहिल्या तीन काड्या काळ्या, चौथी करडी, सहावी पांढरी. मोटर परत जोडून बॅटरीवर फिरवली तर नवा कपॅसिटर लावायच्या आधीच रेडिओवरची खरखर निम्म्याहून कमी झाली होती. मग १० नॅनोफॅरड आखूड पायांनी लावला आणि ती ऐकूच येईना. मालकाचे जुने दोन्ही डिटेक्टर चांगले होते.

म्हणून मी साफसफाई आधी म्हणतो. ठिणगीच मोठी असेल तर कपॅसिटर कितीही चांगला लावा, तो वाढलेल्या आजाराचा आवाज दाबतोय फक्त. फटी कोरायला सुई किंवा स्टीलचं काही वापरू नका, तांब्याच्या कडेला बारीक ओरखडा पडला तरी ब्रश तिथे उडी मारतो आणि नवीन ठिणगी. पॉलिश पेपरही नको, कम्युटेटरचा तपकिरी गुळगुळीत रंग हा घाण नसतो, तो चांगला थर असतो, तो घालवायचा नाही. ब्रशची स्प्रिंग बघा, सैल झाली असेल तर ब्रश टेकतो आणि सुटतो. ब्रश नवीन घातले तर निम्म्या वेगाने अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे फिरवा, तोवर त्यांच्या तोंडाला कम्युटेटरचा गोलवा येत नाही आणि ठिणग्या जास्तच दिसतात, त्या बघून घाबरू नका. आणि तेल, बेअरिंगला सुईच्या टोकाएवढं, बस्स. जास्तीचं तेल दांड्यावरून सरकत कम्युटेटरवरच जातं आणि मी वर सांगितलेला लगदा तिथूनच सुरू होतो.

खोलीत अंधार करून मोटर फिरताना ब्रशकडे बघा, ब्रशच्या कडेला बारीक निळसर ठिपका दिसला तर ठीक आहे. कम्युटेटरभोवती कड्यासारखा अखंड उजेड फिरत असेल तर आर्मेचरची एखादी कॉइल तुटलेली आहे किंवा फटी भरल्यात. कॉइल तपासायला कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या तुकड्यांवर मल्टीमीटर धरा, तीन पोलला तीन रीडिंग येतील, तिन्ही जवळपास सारखी हवीत, एक वेगळं आलं की आर्मेचर गेलं, तिथे कपॅसिटर काही करू शकत नाही.

रेडिओने शोधायची पद्धत सांगतो, कारण ह्यात एक गफलत होते. साधा छोटा मिडियम वेव्हचा रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधे रिकाम्या जागी लावा आणि इंजिनाजवळ धरा. पण डीसीसीच्या रुळाजवळ हा रेडिओ तसाही ओरडतो, इंजिन उभं असलं तरी, कारण डीसीसीचा चौकोनी सिग्नल स्वतःच आवाज करतो, सारखा एकसुरी गुणगुणाट. तो मोटरचा नव्हे. म्हणून आधी रुळाला पॉवर देऊन एकही इंजिन न हलवता ऐका आणि तो आवाज कानात ठेवा. मग इंजिन रुळावरून काढा, उलटं करून फोमच्या पाळण्यात ठेवा, डिकोडर प्लगमधून काढा किंवा मोटरच्या केशरी आणि करड्या वायरी सोडवा, आणि ९ व्होल्टची बॅटरी आखूड वायरींनी थेट मोटरला लावा. डिकोडर जोडलेला असताना मोटरच्या वायरींवर बॅटरी लावायची नाही, हे विसरलात तर डिकोडर नवीन घ्यावा लागेल. बॅटरीवर खरखर आली तर मोटर दोषी. बॅटरीवर शांत आणि रुळावर चालताना तडतड, तर ठिणगी चाक आणि रूळ ह्यांच्या मधे किंवा पिकअपच्या पत्तीवर पडतेय, आणि तिथल्या ठिणगीला मोटरवरचा कुठलाच पार्ट अडवू शकत नाही कारण ती त्याच्या अलीकडे, रुळाच्या बाजूला आहे. तिथे चाकांवरचा काळा थर काढणं आणि रूळ अल्कोहोलने पुसणं हाच इलाज. तुमच्याकडे कदाचित दोन्ही असेल, जुन्या इंजिनात असतंच.

आता तुमच्या इंजिनावर बसायचं ते असं. सफाई झाल्यावर बॅटरीवर ऐका. मग टर्मिनलवर १०३ चा, ५० व्होल्ट किंवा वरचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, इलेक्ट्रोलायटिक अजिबात नाही, मोटरला प्लस-मायनस उलटसुलट होत असतं आणि तो फुटतो. मग दोन्ही चोक, मोटर आणि डिकोडरच्या मधे, दोन्ही वायरींत एकेक, मोटरच्या जितके जवळ बसतील तितके. एकाच वायरीत घालून भागत नाही, आवाज दुसऱ्या वायरीने जातो. त्यांना स्लीव्ह घाला, चासीला टेकले की नवीन भानगड. डिकोडर जोडून सगळ्यात हळू वेगावर चालवा. हुंदके आले तर १०३ काढून १०२ लावा, चोक तसेच ठेवा. १०२ वरही हुंदके असतील तर कपॅसिटरचा दोष नाही, डिकोडरच्या मोटर कंट्रोलची सेटिंग जुन्या मोटरला जुळत नाहीये, ते सीव्ही (डिकोडरमधले सेटिंगचे आकडे) बदलून बघायचं.

कपॅसिटर रुळाच्या बाजूला आहे की मोटरच्या हे ओळखायला, प्लग असलेल्या इंजिनांत ब्लँकिंग प्लग (डिकोडर नसताना त्याच्या जागी बसतो तो) आधी बाहेर काढा आणि मगच मल्टीमीटर बीपवर लावा, कारण प्लग आत असताना रूळ आणि मोटर एकमेकांना जोडलेलेच असतात आणि सगळीकडे बीप येतो. आठ पिनच्या सॉकेटमध्ये १ आणि ५ मोटरच्या, ४ आणि ८ रुळाच्या. कपॅसिटर ४ आणि ८ च्या मधे निघाला तर कापा, १ आणि ५ च्या मधे निघाला तर वर सांगितल्याप्रमाणे बदला. कधीकधी सर्किट बोर्डावर तो इतका लहान एसएमडी (पाय नसलेला, थेट बोर्डावर सोल्डर केलेला) असतो की धुळीचा कण वाटतो, भिंग घ्या. एसएमडीवर नंबर छापलेला नसतो, व्हॅल्यू वाचता येत नाही, मीटरला कपॅसिटन्सची रेंज असेल तर एक बाजू उचलून मोजा.

जुना कपॅसिटर शॉर्ट होणं हेही होतं. इंजिन रुळावर ठेवताच कंट्रोलर ओव्हरलोड दाखवतो, मोटर जळली असं समजून लोक मोटर शोधत फिरतात. एक पाय सोल्डरमधून उचला आणि परत बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

कोअरलेस मोटर असेल तर ह्यातलं बरंचसं लागू नाही. तिच्यात आर्मेचरला लोखंड नसतं, इंडक्टन्स फारच कमी, ठिणगीही लहान, कम्युटेटर नाजूक मौल्यवान धातूचा, त्याला टूथपिकही लावू नका. मॅक्सॉन कंपनीच्या काही मोटरींत ठिणगी मारायचे कपॅसिटर आत कम्युटेटरच्या तुकड्यांमधेच बसवलेले असतात. बाहेरून १०० नॅनोफॅरड लावून काही कमवत नाही.

सेन्सरचं थोडं वेगळं बघायला लागेल. एस८८ ची, म्हणजे सेन्सरची माहिती कंट्रोलरकडे नेणारी, केबल रुळाच्या पॉवर वायरींना चिकटून लांब गेलेली असेल तर इंजिन कितीही शांत केलं तरी खोट्या गाड्या दिसतील. तिला वेगळ्या वाटेने न्या, जिथे ओलांडायचंच आहे तिथे काटकोनात ओलांडा, आणि जुनी चपटी रिबन असेल तर एस८८-एन करून नेटवर्कची पॅच केबल वापरा, तिच्यातल्या जोड्या पिळलेल्या असतात. रुळाच्या दोन पॉवर वायरीही एकमेकींभोवती पिळून घ्या, फुटाला तीन-चार पीळ पुरतात.

सफाई करून बॅटरीवर रेडिओ लावून काय ऐकू आलं ते लिहा, आणि कम्युटेटरच्या तुकड्यांमधली तिन्ही रीडिंग पण द्या. कापलेल्या कपॅसिटरवरचा नंबर सापडला तर तोही. चोकचे पट्टे कुठल्या रंगाचे आहेत ते आत्ताच बघून ठेवा, परत लावायच्या आधी मीटरवर एकेक तपासा, कापताना पाय वाकून आतली तार तुटलेली असते कधीकधी आणि मग इंजिन हलतच नाही.